जागा जाऊ नये म्हणून

पेट्रोल, टायर, विमा, परवाना, रखवालदार शहाताची चिरीमिरी. एका हाताची बोटं संपली.

वग्दींनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून शुब्रा वस्तीतली अख्खी गल्ली त्यांना उस्ताज म्हणे. दारातल्या जुन्या फियाटचा खरा खर्च काढायला ते बसले की चहा गार व्हायचा.

"मग उत्तर काय आलं?" त्यांची बायको नगवा विचारायची.

"गाडी उभी ठेवणंच स्वस्त."

तिची बहीण इकराम दूर टांटा शहरात अंथरुणाला खिळली होती. रेल्वेच्या पायऱ्या नगवाच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या.

टॅक्सीनं जाऊ तिच्याकडे? नगवा विचारी.

"दाराशी गाडी असताना? लोक हसतील."

मग गाडीनं?

"हललो की जागा गेली. या गल्लीत परत मिळते का जागा?"

मग विकून टाका.

"किंमत रोज चढतेय. आज विकली तर उद्या डोकं धरून बसू."

टॅक्सी. गाडी. विका. टॅक्सी. असे सुट्टीचे शुक्रवारमागून शुक्रवार गेले.

खरं तर गाडी रोजच हलायची. गल्लीत दोन रांगा लागत, म्हणून वग्दींसारखे बाहेरच्या रांगेतले सगळे गिअर मोकळा आणि हँडब्रेक खाली ठेवूनच जात. आतल्या कुणाला निघायचं असलं की रखवालदार शहाता बाहेरची गाडी हातानं पुढे ढकली, मग मागे आणून लावी. किल्ली न लावता फियाट वर्षभर चालत होती.

आज सकाळी इकरामचा फोन आला. शब्द नव्हते, नुसता श्वास. नगवा कठड्याला धरून जिना उतरली आणि गाडीत जाऊन बसली. वग्दी मागोमाग आले. त्यांनी किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा.

"बॅटरी," ते म्हणाले. "हिशेबात बॅटरी धरलीच नव्हती मी."

"इकरामलाही कुठे धरलं होतंत?"

तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी भाचा. नगवानं ऐकून घेतलं, फोन मांडीवर पालथा ठेवला.

"गेली. दुपारच्या नमाजानंतर नेतायत."

वग्दी दाराच्या खिट्टीशी चाचपडले. "मी... मी टॅक्सी बोलावतो."

"का? आता नाही हसणार लोक?"

आतल्या रांगेत कुणीतरी हॉर्न दाबून धरला. शहाता धावत आला. "बसा, बसा, उस्ताज! उतरू नका, बाईसाहेबांचे गुडघे दुखतात!" त्यानं मागून खांदा लावला. गाडी हलली. इस्त्रीवाल्याचं दुकान काचेतून हळूहळू मागे सरकलं. वग्दींचा हात हँडब्रेकवर गेला आणि तिथंच राहिला.

"निघालो बाई एकदाचे," नगवा म्हणाली.

आतली गाडी वळून निघून गेली. शहातानं पुढून जोर लावला. इस्त्रीवाला परत आला, पाठोपाठ आपलं दार आलं. गाडी थांबली.

शहातानं टपावर थाप मारली.

"काळजी नको, उस्ताज. जागा राखलीय तुमची."