आमचा की आपला

या मित्रांनो, अगदी जवळ येऊन बसा. माझा आवाज आता उरलेला नाही, म्हणून कान जरा पुढे करा. एक गोष्ट सांगते.

मी एक जुनी चिपळी आहे. वीणा घडवताना उरलेल्या फणसाच्या लाकडातून तंजावूरच्या एका सुताराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला कोरले. पुष्कळ वर्षे आम्ही राममूर्तीरावांच्या मराठी कीर्तनात वाजलो. मग रस्त्यावरून केबलच्या तारा आल्या, श्रोते घरोघर टीव्हीपुढे बसले आणि रावही गेले. त्यांच्या पत्नी सरोजाबाईंनी आम्हांला शेजारच्या ज्ञानमुत्तूंना दिले. ते चर्चमध्ये ख्रिस्ताच्या कथा गाऊन सांगत.

"हरिकीर्तनातल्या चिपळ्या आमच्या कथेला चालतील का हो, अम्मा?"

"लाकूड बाटतं की काय? ताल तेवढा चुकवू नका!" सरोजाबाई म्हणाल्या.

ज्ञानमुत्तूंची एक कथा मला फार आवडे. परक्या सुभेदाराच्या उंबऱ्यावर प्रभूचा शिष्य विटाळाच्या भीतीने घुटमळतो आणि पाहतो तर काय, देव त्याच्याआधीच त्या घरात पोहोचलेला! लोकांचे डोळे भरून येत.

उपवासकाळातल्या एका संध्याकाळी तीच कथा चालली होती. इतक्यात चर्च झाडणारी आरोग्यम दारात आली. तिची शाळकरी लेक कनकम दुपारी तापाने गेली होती. आमच्या दफनभूमीत मधोमध भिंत होती. पुढे मोठ्या म्हणवणाऱ्या जातींच्या कबरी, मागच्या पाणथळीत आरोग्यमच्या लोकांच्या. तिला लेक पुढे, कोरड्या मातीत ठेवायची होती.

ज्ञानमुत्तू गात होते, "आमचा देव दयाळू, आमचा देव न्यायी." मराठीसारखे तमिळमध्येही दोन शब्द आहेत. 'एंगळ्' म्हणजे आमचा, त्यात ऐकणारा नाही. 'नम्म' म्हणजे आपला, त्यात सगळे आले. प्रार्थनेच्या सवयीने त्यांच्या तोंडी एंगळ् बसला होता.

"अय्या," आरोग्यम म्हणाली, "आमचा म्हणजे कोणाचा? भिंतीपुढच्यांचा?"

चर्चच्या कमिटीतले एक वडीलधारे खाकरले. "कथा संपू दे गं. जागेचं कमिटी बघेल."

"कमिटी थांबेल, अय्या. माझ्या पोरीला थांबता येत नाही."

माझा ताल मोडला. ज्ञानमुत्तू खाली उतरले आणि कनकमच्या शवपेटीपुढे आम्हांला वाजवत, 'आपला देव' गात निघाले. पण एरवी सताड उघड्या असणाऱ्या पुढच्या फाटकाला कुलूप होते. किल्लीवाला म्हणे गावाला गेला होता!

पोर भिंतीमागे, ओल्या मातीतच गेली. ज्ञानमुत्तूंनी माझी बहीण कनकमच्या लाकडी क्रूसाला बांधली. "भिंत पडेल त्या दिवशी दोघींना जोडू," एवढेच ते म्हणाले. पुढे मरेपर्यंत ते तालावाचून गायले. आता मी पुन्हा सरोजाबाईंच्या कपाटात आहे. भिंत उभीच आहे.

मित्रांनो, एकट्या चिपळीला आवाज नसतो. न्यायाला इतका उशीर का, हे मला कळत नाही. त्या पाणथळीत देव आमच्याआधीच पोहोचला होता, एवढेच मी मानते. प्रार्थनेत कधी 'आपला' म्हणालात, तर भिंतीमागच्या कनकमची आठवण ठेवा.