पेटीवरचं फडकं

आमचा परशराम बेळगावास्नं माल विकून आला की कायतरी खूळ घेऊन यायचाच. त्या खेपंला माशांचं खूळ घेऊन आला.

"आई, क्यांपात एका सायबाच्या व्हरांड्यात बघितलं. काचंची पेटी. आत पाणी, पाण्यात झाडं आन् झाडांत मासं! बटलर म्हणला, झाड पाण्यात हवा सोडतंय आन् मासा ती घेतोय."

"आन् माणसानं काय करायचं?"

"बघत बसायचं."

मी कपाळाला हात लावला. मागच्या वखारीत तंबाखूचा ढीग पडलाय, चाळायला बायका मिळंनात, आन् ह्यो बघत बसणार! पण पेटी कुणासाठी चाललीया ते मला कळलं व्हतं, म्हणून लई ताणलं न्हाय.

माझी सून अंजनी खानापूरकडची. तिच्या माहेरच्या घरामागं ओढा, उन्हाळ्यात बी वाहणारा. निपाणीला नांदायला आली आन् शिंकून शिंकून बेजार झाली. दोन डाव दिवस गेलं, दोन्ही डाव पोटातच गेलं. आता तिसऱ्यांदा राहिलं व्हतं. "आत्ती, मला माहेरला धाडा," एवढंच ती म्हणायची. परशराम म्हणायचा, सातव्यात ओटी भरून धाडू, रीत हाय ती. रीत कसली! आत्ता गेली तर परत यायची न्हाय, ह्येचं भ्या घेतलं व्हतं त्यानं. म्हणून ओढाच घरात आणायचा घाट. मला बी वाटलं, रमंल पोरगी, आन् ह्ये तरी पोट टिकंल. पोट टिकावं म्हणून मी काय काय केलं न्हवतं! नवस बोलले, अंगारा लावला, मग काचंची पेटी तरी का सोडा?

दुकानातल्या जुन्या कपाटाच्या काचा काढल्या. पत्र्याचं काम करणाऱ्या मष्णूनं चौकट करून दिली, सांधं डांबरानं भरलं. पैल्यांदा पाणी भरलं ते सगळं सोप्यात वाहिलं. मष्णूला मी असं झाडलं, की दुसऱ्या खेपंला एक थेंब गळला न्हाय.

मग वाद तळाचा. खाली काय घालायचं?

"बटलर म्हणला, वाळू," परशराम म्हणला.

"वाळूत काय उगवतंय रं? मातीबिगर झाड जगतंय व्हय?"

"काळी माती घाला की," मष्णू म्हणला.

"घाल, आन् गढूळ पाण्यात मासं हुडकत बस!" परशराम म्हणला.

शेवटी माझंच ऐकलं. खाली काळी माती, वर वेदगंगेची धुतलेली वाळू, त्यावर खडं. आन् झाडं जोमानं यावीत म्हणून मातीत खत. निपाणीच्या माणसाला खत म्हटलं की तंबाखूच्या काड्यांचा चुरा. मळ्यात आमी त्योच घालतो. ओंजळ भरभरून परशरामनं कालवला, आन् आमी तिघं शहाणी मान हलवीत बघत बसलो.

पाणी गाळायला माठांची उतरंड मांडली. वरच्या माठात कोळसा, मधल्यात वाळू, खालच्यात खडी. प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडून चिंधीची वात लावली. खालच्या माठातनं पेटीत थेंब पडायचा, टप्, टप्. भाकरी थापताना बी त्योच आवाज कानात. थांबला तरी जीव घाबरा, चालू ऱ्हायला तरी घाबरा.

अंजनीचा भाऊ रवळू ओढ्यातलं बोटभर मासं आन् पाणगवत घागरीतनं घेऊन आला. मासं सोडलं तवा अंजनी हसली. लई दिसांनी हसली.

सकाळी उठून बघतो, तर सगळं मासं पोट वर करून तरंगत्यात.

अंजनी रडली न्हाय. सोताच्या पोटावर हात ठेवून खाली बसली. परशराम माठांवर खेकसाय लागला, कोळसाच वाईट म्हणून. तवर अंजनीनं पेटीत कोपरापर्यंत हात घातला, तळाची चिमूट काढली, वास घेतला.

"आत्ती, ह्याच काड्यांचं पाणी मिरचीवर मारत्यात न्हवं? किडं मरायला?"

मष्णूनं आपला अवजारांचा डबा उचलला आन् गुमान घरला गेला.

सगळा तळ उपसून टाकला. पेटी राखंनं घासली. रवळू कुरकुरत परत आला, ह्या डावाला ओढ्याचा गाळ बी संगं घेऊन. खाली गाळ, वर वाळू, बास. झाडांनी मुळं धरली, पानं फुटली, मासं गवतातनं आत-भाईर करायला लागलं. अंजनी जेवायला बी पेटीपाशीच बसायची. परशराम मिशीतल्या मिशीत हसायचा. माझ्या जिवाला मात्र चैन न्हाय. उठायचं, मासं हायत का बघायचं, मग अंजनीचं तोंड बघायचं, मग परत मासं.

आन् बायका मिळाल्या, वखारीत चाळायचं काम सुरू झालं. बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या, धुरळा मधल्या दारातनं घरात यायचा. त्यात काय नवं? आमचा जलम त्यातच गेला. पण पेटीतल्या पाण्यावर साय धरली. मासं वर येऊन तोंडं उघडून ऱ्हायलं.

"आणखी एक माठ लावतो," परशराम म्हणला.

"माठानं काय व्हतंय? घाण वरनं पडतीया, डोळं फुटलं व्हय तुझं?"

मी जुन्या धोतराचं पांढरं फडकं ओलं करून पेटीवर घातलं. मासं खाली गेलं, हुशार झालं. सांजच्याला फडकं काढलं तर पार पिवळंजर्द. धुतलं तर पाणी काढ्यावानी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ते धुवायला काढून उभी, आन् पेटीपाशी अंजनी बसलेली. एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं पदर नाकाला, शिंकांवर शिंका.

पेटीवर फडकं घातलं. हिच्यावर काय घालायचं?

फडकं न धुताच मुठीत धरलं. परशराम वखारीत व्हता, तिथं जाऊन उभी ऱ्हायले.

"उद्याच्या मोटारीनं अंजनीला माहेरला धाड."

"आत्ताच? लोक म्हणतील, टाकली बायकू."

"लोकांचं तोंड कोण धरतंय रं? म्हणू देत."

"आई, काय झालं काय तुला?"

मी फडकं त्याच्या हातात दिलं. "एका दिसाचं हाय ह्ये. मासं मरतील म्हणून झाकलं आपण. तुझं लेकरू उघडंच हाय."

त्यानं फडकं उलटंसुलटं करून बघितलं. मग हळूच म्हणला, "आन् परत आली न्हाय तर?"

"तर तू जा तिकडं."

"धंदा सोडून? काय तरी बोलतीस!" त्यो चिडला. "ह्याच घरात तू मला वाढीवलंस न्हवं? ह्योच धुरळा व्हता. मला काय झालं? जगलो की मी!"

"तू जगलास, परश्या," मी म्हटलं. "तुझ्या आधी दोघं व्हती आन् तुझ्या मागनं एक पोरगी. पोटातच गेली सगळी. तुझा बा म्हणला नशीब, सासू म्हणली पांढऱ्या पायाची, आन् मी बी तेच धरून बसले. त्या वक्ताला घरात कुणी मासं ठेवलं न्हवतं रं."

चाळणाऱ्या बायकांचं हात थांबलं. परशरामनं तोंड फिरवलं, खांद्यावरच्या टावेलानं डोळं पुसलं आन् फडकं हातात तसंच घेऊन मोटारीत जागा सांगायला गेला.