सुशीलाकाकूंचं उटणं

वरूडहून पुण्याला पीएचडीसाठी आलेल्या साईनाथ गावंडेला आपल्याला संशोधनापेक्षा संत्रीच जास्त खावी लागतील, याची कल्पना नव्हती.

विषय होता मोबाइलच्या मेलेल्या बॅटऱ्यांमधून कोबाल्ट परत काढण्याचा; तोही जहाल आम्लाशिवाय, संत्र्याच्या वाळलेल्या सालांच्या भुकटीनं. "सालं कुठून आणणार, गावंडे?" त्याच्या गाइड केळकर मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं. घरची संत्र्याची बाग ही एकच गोष्ट साईनाथ त्या लॅबमध्ये छातीठोकपणे सांगू शकत होता. त्यानं ती सांगितली आणि वडिलांना फोन लावला.

"बाबा, फक्त सालं पाठवा."

"अन् आतलं काय फेकून देऊ? येडा झाला का तू? खाय, अन् काढ सालं!"

ट्रॅव्हल्सनं पेट्या येऊ लागल्या. साईनाथनं खाल्ली, वॉचमननं खाल्ली. रूममेट आनंद तर पुढे पुढे संत्रं दिसलं की बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचा. कर्वेनगरच्या त्या सोसायटीच्या गच्चीवर सालं वाळली, मिक्सरमधून निघाली आणि एका मोठ्या स्टीलच्या डब्यात भरली गेली. शेवटचं ऊन द्यायला साईनाथनं तो डबा उघडाच गच्चीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यानं बॅटरीची काळी पूड पाण्यात टाकली, वर डब्यातली भुकटी घातली आणि चंबू तापायला ठेवला. कोबाल्ट उतरून द्रावण हळूहळू गुलाबी व्हायला हवं होतं. ते आधी घट्ट झालं, मग त्याला बुडबुडे आले आणि लॅबभर चंदनाचा घमघमाट सुटला. केळकर मॅडम येऊन चंबूत डोकावल्या.

"पिठलं छान जमलंय," त्या म्हणाल्या. "फोडणी राहिली."

साईनाथ धावत घरी आला. वरच्या मजल्यावरच्या सुशीलाकाकू गच्चीत पापड उलटत होत्या.

"काकू, माझ्या डब्यातलं..."

"नेलं ना मी. आमच्या ऋतुजाचं परवा लग्न आहे, तोंडाला लावायला हवं होतं. फुकट नाही नेलं हं! बदल्यात घरचं उटणं भरून ठेवलंय. बेसन, आंबेहळद, चंदन. लावून बघितलंस?"

"बॅटरीला लावलं."

काकूंच्या हातातला पापड मोडला. "अगं बाई! म्हणजे ऋतुजाच्या तोंडाला बॅटरी लागली?"

"नाही जी, बॅटऱ्या लॅबमध्येच असतात. डब्यात नुसती सालं होती."

काकूंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच आवाज चढला. "मग एवढं रडवेलं तोंड कशाला? लग्नात प्रत्येक पाहुण्याला एकेक संत्रं देऊ. सालं तुझी."

वडिलांनी रातोरात पेट्या धाडल्या. लग्नाच्या दिवशी साईनाथ जेवणाच्या हॉलच्या दाराशी नवा कुर्ता घालून, गोणी पसरून उभा राहिला. लोकांनी सालं टाकली, द्रोण टाकले, कुणी पानाची पिंक टाकायलाही वाकलं. एका आजोबांनी चपला आत ठेवल्या आणि टोकन मागितलं.

"आपण कुणाकडचे?" नवऱ्याच्या मामांनी चौकशी केली.

"सालांकडचा," साईनाथ दमून म्हणाला. मामांनी आदरानं मान डोलावली आणि तेवढ्यात काकूंनी त्याला गोणीसकट घरच्यांच्या फोटोत ओढलं.

पुढच्या आठवड्यात चंबूतलं द्रावण गुलाबी झालं. अगदी स्वच्छ, गुलकंदी गुलाबी. साईनाथला नाचावंसं वाटलं. केळकर मॅडमनी चंबू उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "आता असंच आणखी दोनदा करून दाखवा."

सालं तर सगळी संपली होती. संध्याकाळी साईनाथ वरच्या मजल्यावर गेला आणि दारातच अवघडून उभा राहिला.

"काकू, एवढ्यात अजून कुणाचं लग्न आहे का हो?"

सुशीलाकाकूंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"ठरवलं, तर आहे," त्या म्हणाल्या. "तुझी उंची किती?"