न फुटलेलं चेस्टनट

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे आणि माझ्या बुडाला भोकंच भोकं आहेत. हसलात ना? हसा. आमच्या फ्रान्समधल्या आर्देशच्या डोंगरात मात्र अशा तव्याला कोणी हसत नाही. भोकांतून जाळ थेट चेस्टनटला, म्हणजे आमच्या रानातल्या टणक सालीच्या फळाला, भिडतो आणि साल करपून सुटी होते. माझ्या मालकिणीच्या, सिदोनीच्या, लग्नात तिच्या वडिलांनी खिळ्याने ही भोकं पाडली आणि मला लांबलचक दांडा बसवून दिला.

तेव्हापासून दर पानगळीत, शनिवारच्या बाजारात, ती आणि मी. आमच्या बाजाराचा रिवाजच आहे, आपल्या रानात पिकेल तेच विकायचं. सिदोनी झाडांखाली वाकून चेस्टनट वेचायची आणि प्रत्येकाला सुरीने चीर द्यायची, नाहीतर तापल्यावर ते फुटतं. एक मात्र मुद्दाम बिनचिरेचं ठेवायची. ते फाटकन फुटलं की बाकीची भाजली म्हणून समजायचं! त्या आवाजासरशी अख्खी रांग ओरडायची, पोरं टाळ्या पिटायची. शेजारची चीजवाली आर्लेत म्हणायची, "सिदोनी, तुझ्या बॉम्बने माझ्या शेळ्या आटतील गं एक दिवस!" उरलेली चेस्टनट घरी भोपळ्याच्या सूपमध्ये जायची. काय दिवस होते ते!

मग सिदोनी जिन्यावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. दुकान तिच्या मुलाने, फ्लोरांने, हाती घेतलं. "आई, तुझाच तवा नेतो बघ," तो म्हणाला. तिचे डोळे भरून आले. माझाही ऊर भरून आला.

कसलं काय! त्याने मला नेलं ते नुसतं दाखवायला. आमच्या झाडांखाली चेस्टनट कुजत पडली होती. वाकायला वेळ कोणाला होता? फ्लोरांने परमुलखातल्या कारखान्याची गोणी माझ्यात ओतली. प्रत्येक फळाला यंत्राने दिलेली एकसारखी चीर. आणि वर हाका, "आईच्या झाडांची! आईच्याच तव्यातली!" लोक माझ्याकडे बघून विश्वास ठेवत होते. मित्रांनो, केसाने गळा कापला माझा. ओरडावं तर तव्याला तोंड नाही.

एका शनिवारी सिदोनी काठी टेकत बाजारात आली.

"अगं आई, एवढ्या गारठ्यात कशाला आलीस?"

"माझी चेस्टनट खायला. का, बंदी आहे?"

ती माझ्याशेजारी खोक्यावर बसली. रांगेतल्या लोकांना म्हणाली, "थांबा हं, फुटू दे आधी."

सगळे थांबले. वास सुटला. मग धूर निघायला लागला.

आर्लेतने मान पुढे काढली. "काय रे फ्लोरां, बिनचिरेचं टाकलंस ना?"

"हो... म्हणजे... झाली गं आई, उतरवतो मी."

काहीच फुटलं नाही. सिदोनीने एक चेस्टनट उचलून चीर पाहिली. मग दुसरं. मग तिसरं.

"ही चीर कोणी दिली रे?"

फ्लोरांने गोणी पायाने मागे सारली.

"झाडं होती ना रे आपली? मी पडले होते. झाडं नव्हती पडली."

तिने मला स्वतःच्या हाताने जाळावरून उतरवलं आणि लोकांना सांगितलं, "आज आमच्याकडे विकायला काही नाही."

आता मी तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. "तुझा काय दोष?" असं ती कधीतरी म्हणते, पण मला खाली काढत नाही. वारा सुटला की छपरावर चेस्टनट पडतं, फाटकन आवाज होतो, आणि ती दचकून माझ्याकडे बघते.

मित्रांनो, जुन्या भांड्याला गंज चढला तर घासा, दांडा निखळला तर ठोकून बसवा. अगदीच नकोसं झालं तर भंगारात द्या, आमची तक्रार नाही. पण आम्हाला पुढे करून आमच्या माणसाच्या नावाने खोटं विकू नका. भंगारात गेलेलं भांडं निदान वितळून नवं होतं. माझं तेही झालं नाही.