मोकळी पट्टी

घड्याळजींच्या पोटात दुखायला लागलं ते बायकोच्या गुणगुणण्यानं.

ती खिडकीशी बसून गिऱ्हाइकाच्या कोटाला काजं करत होती आणि तोंडानं काहीतरी चालू होतं. चालीचं वळण नक्की त्यांच्या आवडत्या गायकाचंच, पण गाणं ओळखीचं नव्हतं. हे म्हणजे अतीच झालं. घड्याळजी लग्नाच्या आधीपासून त्या एका गायकाचे भक्त. तो स्वतः गाणी लिहायचा, स्वतःच चाली लावायचा आणि त्याचं झाडून सगळं घड्याळजींच्या वहीत तारीखवार नोंदलेलं होतं. मित्र अडले की त्यांनाच विचारायचे.

"कुणाचं गं हे?"

"अहो, तुमच्याच लाडक्याचं की. निळ्या कॅसेटच्या शेवटी आहे."

"शेवटी काही नाहीये."

"थोडा वेळ नुसती पट्टी फिरते, मग लागतं."

निळी कॅसेट घड्याळजींची तोंडपाठ होती. पण शेवटचं गाणं संपलं रे संपलं की त्यांचं बोट बटणावर. यंत्राची फुकट झीज त्यांना खपत नसे. दुपारी ते दुकानात असताना बायको तीच कॅसेट लावायची. तिचे हात कापडात गुंतलेले, उठून बंद कोण करणार?

त्यांनी कॅसेट लावली. बराच वेळ नुसती खरखर. मग तो गायला लागला, साथीला काही नाही, नुसता गळा. मधेच खुर्ची करकरली आणि तो हसला. पण त्याच्याआधी बायको हसली होती! तिला ती जागा पाठ होती. त्याच्या सगळ्या गाण्यांत हे उजवं होतं, म्हणून तर घड्याळजींचा आणखीच जळफळाट झाला.

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"लग्न झाल्या झाल्याच सांगायला आले होते. तुमचं गाणं चालू होतं. तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. म्हटलं, राहू दे, एवढं एक माझं."

ते 'माझं' काही त्यांच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळी मित्र जमले तेव्हा वही उघडून त्यांनी जाहीर केलं, "मी शोधून काढलंय!" मित्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पाणी घेऊन आलेली बायको क्षणभर थांबली, पेले ठेवून आत गेली. आज तरी आपली सरशी झाली, असं घड्याळजींना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात डोळ्याला भिंग होतं, पण लक्ष घरी. आता लावलं असेल तिनं. आता हसली असेल. एकच बारीक काटा चिमट्यातून दोनदा निसटला, तेव्हा त्यांनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि तरातरा घर गाठलं.

दाराबाहेरच ते थबकले. आत निळी कॅसेटच चालू होती. शेवटचं गाणं आलं, संपलं. घड्याळजी दाराला कान लावून उभे राहिले.

खट्कन बटण दाबल्याचा आवाज आला.

ते तसेच आत शिरले. "का बंद केलंस? पुढचं?"

"ते तुमचं ना आता?" सुईत दोरा ओवत ती म्हणाली. "तुम्ही ऐका."