तीनदा टकटक

मावशींनी चादरीचा कोपरा गादीखाली खुपसला आणि हात तिथंच थांबला. पलीकडून तीनदा टकटक झाली होती.

पलीकडे बारा नंबर. त्या खोलीला दोन वर्षं कुलूप होतं.

सकाळीच मॅनेजरनं हॉटेलातल्या सगळ्या सफाईवाल्या बायकांच्या गळ्यात एकेक बटण अडकवलं होतं. नवा कायदा आला होता. खोलीत एकटी बाई अडचणीत सापडली तर तिनं बटण दाबायचं. तीन मिनिटांत माणूस हजर झालाच पाहिजे.

"मांजराच्या गळ्यात बांधायची घंटा उंदरांच्याच गळ्यात बांधली की हो!" नवी पोरगी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांची धाकटी जाऊ इथंच कामावर असताना गेली, त्यानंतर हा कायदा झाला होता.

बटणं नव्हती तेव्हा भिंती होत्या. दोनदा टकटक म्हणजे माझं ठीक चाललंय, तीनदा म्हणजे धावत ये. जाऊ मोठी खट्याळ. उगाचच तीनदा वाजवून मावशींना पळवायची आणि दारात उभी राहून पोट धरून हसायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी तीनदा टकटक झाली, तरी मावशींनी आधी हातातला पलंग पुरा केला. मग गेल्या, तर बारा नंबरचा पाहुणा पसार झाला होता आणि जाऊ जमिनीवर पडली होती. तिच्यात जीव नव्हता.

"मला काही ऐकू आलं नाही," मावशींनी चौकशीत सांगितलं. घरी येऊन दिरालाही तेच सांगितलं.

टक. टक. टक.

चादर अर्धी लोंबती सोडून मावशींनी बटण दाबलं.

दोन मिनिटांत वॉचमन आला, किल्ल्यांचा जुडगा सावरत.

"काय झालं, मावशी?"

"बारा नंबरातून बोलावतेय."

"तिथं कोण असणार? भास झाला असेल तुम्हाला."

"त्या दिवशीही बोलावलं होतं तिनं. मला ऐकू आलं होतं रे. ऐकूनही मी लगेच गेले नाही."

वॉचमननं तोंड उघडलं, तोच भिंत पुन्हा वाजली. तीनदा, सावकाश.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जुडगा मुठीत आवळून तो दाराकडे मागे सरकला.

"मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

मावशींनी हात पुढे केला.

"किल्ली दे."