नाताळात कुठली पोरं

महांतेशनं टूरवाल्या आकारामला एकच गोष्ट विचारली होती, आणि तीही आजूबाजूला कुणी नाही असं बघून.

"बोटीवर पोरं लय असत्यात का?"

उचगावच्या फाट्यावर आकारामचं ऑफिस. इतकी वर्षं तो तिरुपती आणि गोकर्णच्या बसगाड्या काढायचा, यंदापासून त्यानं समुद्रातल्या क्रूझचाही बोर्ड लावला होता. स्वतः तो मालवणला होडीत बसला होता तेवढाच. त्यानं कान खाजवला.

"दिवाळीत आणि मे म्हयन्यात मुंगी शिरायला जागा नसत्या म्हणं."

"आणि नाताळात?"

"नाताळात कुठली पोरं, अण्णा? शाळा चालू की! पंचवीसला सुट्टी, सव्वीसला परत दप्तर. म्हातारी-कोतारी आणि नवी लगीन झालेली, एवढीच गर्दी."

कोल्हापुरात कुणालाही हे पटलं असतं. आपल्याकडच्या शाळांना सुट्टी म्हणजे दिवाळीची, नाताळ म्हणजे एक दिवसाची चंगळ. मुंबई-बंगळूरकडं इंग्रजी शाळा नाताळात दहा-दहा दिवस बंद असतात, हे फाट्यावर बसलेल्या आकारामला कोण सांगणार? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं! महांतेशला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यानं त्याच बैठकीत दोन तिकिटं पक्की केली.

त्याला पोरं का नको होती, हे आकारामनं विचारलं नाही. उचगावात ते कुणाला विचारायची गरज नव्हती.

महांतेश आणि शिवगंगाचा एकुलता एक मुलगा चन्नू दोन वर्षांपूर्वी डेंगूनं गेला. सात वर्षांचा होता. गंगा रडली, अन्नपाणी सोडलं, मग हळूहळू उठून कामाला लागली. महांतेश मंगळवार पेठेतलं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान पुन्हा वेळेवर उघडायला लागला. लोक म्हणाले, सावरलं घर. आणि यंदा गणपतीत, आरती चालू असताना, गंगानं शेजारच्या शालूबाईच्या नातवाचा हात धरला आणि कुणाला न सांगता निघून गेली. पाच वर्षांचा राजवीर. सगळ्या गल्लीनं विहिरी बघितल्या, ओढा बघितला. दिवस मावळता मावळता दोघं हातकणंगल्याच्या स्टेशनावर सापडली. बाकावर बसून वडा खात होती. महांतेश धापा टाकत पुढं गेला तेव्हा गंगा शांतपणे म्हणाली, "चन्नूला रेल्वे दाखवायची ऱ्हायलीती."

शालूबाई भली बाई. पोलिसांत गेली नाही. महांतेशनं तिचे पाय धरले, डॉक्टरांनी गंगाला गोळ्या सुरू केल्या, आणि झाल्या प्रकारावर सगळ्यांनी पांघरूण घातलं. तोंडावर कुणीच काही बोललं नाही. फक्त गंगा दारात येऊन उभी राहिली की गल्लीतून हाका सुरू व्हायच्या. "ए, अभ्यासाला चल." "ए, दूध पिऊन जा." बघता बघता अंगण रिकामं व्हायचं. गंगा थोडा वेळ तशीच उभी राहायची आणि मग आत येऊन दार लावायची.

डॉक्टर म्हणाले, जरा हवापालट करून आणा. म्हणून ही बोट.

मुंबईच्या धक्क्यावर रांगेत उभं राहिल्या राहिल्या महांतेशनं पुढं-मागं बघितलं. पुढं पोरं, मागं पोरं. डोक्यावर लाल टोप्या, हातात फुगे, कुणी बापाच्या खांद्यावर, कुणी बॅगेवर बसलेलं. बोट म्हणजे तरंगतं पाच-सात मजली हॉटेल होतं, आणि त्याच्या प्रत्येक मजल्यावर पोरांचा चिवचिवाट होता. त्यानं चोरून गंगाकडं बघितलं. गंगा हसत होती. दोन वर्षांत तिचे दात त्यानं बघितले नव्हते. बायको हसली म्हणून नवऱ्याला धडकी भरावी, असे दिवस आले होते बिचाऱ्यावर.

किनारा दिसेनासा झाला तसा महांतेश वरच्या डेकवर फोन हलवून रेंज शोधायला लागला.

"ह्यो आकाराम भेटू दे मला! तोंडावर खोटं बोलतोय म्हणजे काय!"

"त्येंचा काय दोष न्हाय," गंगा म्हणाली. "त्येनी घरी फोन केलता. तुमी दुकानात होता. मुंबईच्या हापिसात इचारलं म्हणाले, नाताळात बोट पोरांनी भरलेली असत्या. तारीख बदलू का म्हणाले."

"मग?"

"मी म्हणलं, ऱ्हाऊ द्या. ह्यांना सांगू नका."

महांतेशनं शर्टावरूनच गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. चहूकडं नुसतं पाणी, आणि कठडा गंगाच्या कमरेएवढा.

"का पण, गंगा?"

"ऐकावं वाटत होतं."

"काय?"

"हेच. ह्यो पोरांचा कालवा." ती पळणाऱ्या पोरांकडं बघत राहिली. मग स्वतःहूनच म्हणाली, "राजवीरला मी न्यायला नको होतं. आता कळतंय मला. त्या वक्ताला काय झालतं, कुणास ठावं."

महांतेशनं मान डोलावली. विश्वास मात्र ठेवला नाही. हातकणंगल्याच्या बाकावरही ती अशीच शांत होती की! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या संध्याकाळपासून महांतेशच्या मनानं जे जे चिंतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो तिच्यामागं सावलीसारखा फिरायला लागला. ती कठड्याजवळ गेली की हा मध्ये उभा. ती कुणा पोराशी बोलायला वाकली की ह्याला लगेच तहान लागायची, चक्कर यायची, खोलीत जावंसं वाटायचं. तिला ते कळत होतं. ती उठून त्याच्याबरोबर खोलीत यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्ट्याला नको तेच घडलं. नाव माहीत नसलेल्या पदार्थांना हात लावायचा नाही म्हणून गंगानं घरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुडीतून काढली होती. शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा उठून आला आणि भाकरीला नाक लावून बघायला लागला.

"हा पापड आहे?"

त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. चन्नू गेला तेव्हा त्याचेही तेच दोन दात पडले होते. महांतेशनं हातातला घास ताटात ठेवला.

गंगानं भाकरीचा तुकडा मोडून चटणी लावून दिला. पोरानं कुडुम कुडुम खाल्ला आणि आणखी मागितला. त्याची आई हसत आली. पुण्याची होती, स्वप्नाली नाव. "आदर्श, त्रास नको देऊ काकूंना. अहो, घरी पोळीला हात लावत नाही हा!" आणि ती तिथंच बसली. तुम्ही कुठल्या, आम्ही कुठले झालं. मुलं किती, हेही झालं.

"एक हुता," गंगा म्हणाली.

स्वप्नालीनं तिच्या हातावर हात ठेवला. पोराला हाक मारली नाही, जवळ ओढलं नाही. आदर्श गंगाच्या मांडीला रेलून भाकरी खात राहिला.

महांतेशनं ह्यातलं काही बघितलं नाही. तो बघत होता गंगाचं तोंड पोराच्या कानाशी गेलेलं, ती काहीतरी कुजबुजलेली, आणि पोरानं डोळे मोठे करून मान हलवलेली.

"काय सांगितलंस त्येला?" खोलीत आल्यावर त्यानं विचारलं.

"आमची गंमत हाय."

"कसली गंमत?"

"असत्या पोरांची," ती म्हणाली आणि केस विंचरायला लागली. ती गुणगुणत होती. महांतेशनं गोळ्यांची पट्टी काढून बघितली, गोळी घेतलेली होती. तरी त्याचं मन थाऱ्यावर आलं नाही.

बोटीवरची पहिली रात्र त्यानं जागूनच काढली होती, आणि जागरणाचं व्हायचं तेच झालं. दुपारी जेवण झाल्यावर डेकवरच्या आरामखुर्चीत गंगा शेजारी बसलेली असताना त्याचा डोळा लागला. जाग आली ती लाऊडस्पीकरनं. निळा शर्ट घातलेला सहा वर्षांचा मुलगा, नाव आदर्श, कुणाला दिसल्यास स्वागतकक्षात कळवावं. आधी इंग्रजीत, मग हिंदीत.

शेजारची खुर्ची रिकामी होती.

महांतेश उठला तो पळतच सुटला. खोलीकडं गेला, खोलीत कुणी नाही. कठड्याशी गेला, खाली बघितलं, बोट पाणी कापत चालली होती आणि मागं पांढरा फेस पसरत होता. हातकणंगल्याला स्टेशन होतं, बाक होता. इथं पुढचं स्टेशन कुठलं?

स्वागतकक्षापाशी घोळका जमला होता. मधोमध स्वप्नाली, डोळे सुजलेले. महांतेशला बघताच ती पुढं आली. तिच्या आवाजात आशा होती, संशय नव्हता.

"काका, काकू कुठायत? त्यांच्याकडं गेलाय का हो तो?"

माहीत नाही, एवढं म्हणायचं होतं. खरं तेवढंच होतं. पण गणपतीपासून दाबून ठेवलेलं भय आणि कोल्हापूरचा गळा, दोन्ही एकदम सुटले.

"तिनंच नेलं असंल! माझ्या बायकोनंच! तिच्या डोस्क्यात फरक पडलाय बाई, आमचं पोर गेल्यापास्नं. गणपतीत एकाचं पोर असंच पळवलंतं तिनं. दारं लावा, कठडे बघा, तिला आधी धरा!"

घोळक्यात एकदम आवाज उठला. बायांनी आपापली पोरं पोटाशी ओढली. पहारेकऱ्यांनी वायरलेसवर बोलायला सुरुवात केली. कसली साडी? हिरवी. केवढी उंची? महांतेश सगळं सांगत गेला, आणि सांगताना त्याला हलकं वाटत होतं. हे पुढं त्याला आयुष्यभर आठवणार होतं.

तेवढ्यात समोरचं मोठं दार उघडलं आणि गंगा आली. हिरवी साडी, अनवाणी, धापा टाकत, चेहरा घामानं भिजलेला. तिच्या हाताला धरून आदर्श डोळे चोळत चालला होता. गंगाच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"सापडला हो! घावला!" ती लांबूनच ओरडली.

दोन पहारेकऱ्यांनी तिचे दंड धरले. तिसऱ्यानं पोराला हिसकून घेतलं. आदर्श भेदरून मोठ्यानं रडायला लागला. गंगाला काही कळेना. ती एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हीच ती, पोरं पळवणारी." तेव्हा तिनं महांतेशकडं बघितलं, आणि तिला कळलं.

खरं काय ते पोरानंच हुंदके देत देत सांगितलं. चारला जादूचे प्रयोग होते. काकूंनी सांगितलं होतं, आईबरोबर जा आणि पहिल्या रांगेत बस, म्हणजे जादूवाला वर बोलावतो. कुणी जागा धरू नये म्हणून तो एकटाच आधी जाऊन बसला, आणि अंधाऱ्या रिकाम्या हॉलमधल्या मऊ खुर्चीत त्याला झोप लागली. नाव पहिल्यांदा पुकारलं तेव्हाच गंगाच्या डोक्यात तो हॉल आला. त्या पुकाऱ्यानं नवरा उठला नव्हता, शेजारी घोरत होता. रात्रभर जागलेला म्हणून तिनं उठवलं नाही.

पहारेकऱ्यांनी हात सोडले. त्यांचा साहेब टोपी काढून माफी मागून गेला. स्वप्नालीही पुढं आली. "थँक्यू काकू, सॉरी, खरंच सॉरी," असं दोन-तीनदा म्हणाली. म्हणताना तिनं आदर्शला पाठीमागं घेतलं होतं, आणि त्यानं पुढं डोकावायला बघितलं तसा तिचा हात मागं जाऊन त्याला आणखी आत ढकलत होता. ती वाईट बाई नव्हती. आई होती.

खोलीकडं जाताना लांबलचक बोळ लागत होता. एरवी तिथं पोरं धुडगूस घालायची. ह्या दोघांना येताना बघून एका दारातून हाक आली. मग दुसऱ्यातून. भाषा निराळ्या होत्या, हाका त्याच होत्या. बोळ रिकामा झाला. दारांमागून कड्या लावल्याचे आवाज येत राहिले.

खोलीत आल्यावर गंगा पलंगाच्या कडेवर बसली. महांतेश दाराशीच उभा राहिला. त्याला तिचे पाय धरावेसे वाटत होते, शालूबाईचे धरले होते तसे. पण पाय हलेनात.

"गंगा, मी भ्यालो गं," तो म्हणाला.

"हितं मला कुणी वळखत नव्हतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं. "कालपास्नं एकानंबी पोर आत बोलवून घेतलं न्हाय. म्हणून आलतो मी. तेवढ्यासाठीच."

त्यानं मान खाली घातली. लाऊडस्पीकरवर जादूचे प्रयोग सुरू होत असल्याची घोषणा झाली आणि दूर कुठंतरी पोरांनी एकच गिल्ला केला. गंगानं तो शेवटपर्यंत ऐकला. मग भिंतीकडं तोंड करून ती आडवी झाली.

"उचगावात निदान तुमी तरी गप हुता," ती म्हणाली.